उजळाईवाडीहून (कोल्हापूर विमानतळावरून) विमानात मसाला, गूळ, सुकं खोबरं नेता येतं का?

प्रश्न: दोन किलो कांदा-लसूण मसाला, गुळाची ढेप आणि सुकं खोबरं न्यायचंय. हातातल्या बॅगेत चालेल का?

रंकाळाकाठ: मसाला चेक-इनमध्येच टाका. तिखटपूड हातातल्या बॅगेत सापडली की काढून ठेवतात. मसाल्याला तेल सुटतं, म्हणून दुहेरी पिशवी आणि वर घट्ट झाकणाचा डबा. गूळ चालतो, पण ढेप एक्स-रेमध्ये गडद गोळा दिसते, बॅग उघडायला लावतील, वरच ठेवा.

पंचगंगा: खोबरं घरीच ठेवा बरं का! अख्ख्या वाट्या दोन्हीकडे चालत नाहीत. त्यातलं तेल हवेशी संयोग पावून आपोआप तापतं, पेट घेऊ शकतं.

रंकाळाकाठ: बरोबर. आणि एटीआर (पंख्यांचं छोटं विमान) असेल तर डोक्यावरचे कप्पे छोटे असतात, चाकांची कडक बॅग बसत नाही. मऊ पिशवी घ्या.