नुसता रंग मारून भागणार नाही

ताई, दांडिया बाजारातल्या खोलीत आधीचे भाडेकरू सिगारेटी ओढायचे, आता नुसता रंग मारला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. निकोटीन जुन्या थरातून नव्या रंगात झिरपतं आणि बडोद्याच्या दमट पावसाळ्यात वास पुन्हा उठतो. खरी काळजी वासाची नाहीच. गॅसच्या शेगडीतून थोडं नायट्रस आम्ल निघतं. भिंतीवरच्या निकोटीनशी त्याचा संयोग होऊन नायट्रोसामाइन तयार होतात, त्यांतली काही कर्करोगकारक. तुमचं बाळ रांगतंय, जमिनीवरचा हात सारखा तोंडात, म्हणून धोका त्यालाच जास्त.

पंख्याच्या पात्यावर ओलं बोट फिरवून बघा, तपकिरी चिकटा येईल. तोच सगळीकडे बसलाय. ऑइलपेंटच्या भिंती, दारं कोमट साबणपाण्याने खालून वर पुसा (वरून सुरुवात केली की ओघळांचे डाग राहतात), पाणी पिवळं झालं की बदला. मग एक वाटी पांढरं व्हिनेगर चार वाट्या पाण्यात मिसळून त्याने पुसा. निकोटीन आम्लात चांगलं सुटतं. त्यात ब्लीच कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू होतो. चुन्याच्या भिंतीला आणि कोट्याच्या फरशीला व्हिनेगर नको, आम्ल दोन्हींना खातं. चुना ओला करून खरवडाच. ऑइलपेंटच्या भिंतीला ऑइल प्रायमर, मगच रंग. जुन्या गाद्या-पडदे ठेवूच नका.