ऐच्छिक विषय निवडताना

राज्यशास्त्राच्या एम.ए.ला नेटच्या (प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या) अभ्यासक्रमाशी जुळणारेच ऐच्छिक विषय घ्यावेत, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. नेटच्या दुसऱ्या, म्हणजे राज्यशास्त्राच्या पेपरातील १० घटकांपैकी राजकीय सिद्धान्त, तुलनात्मक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध हा भाग बहुधा सक्तीच्या विषयांतच येऊन जातो. तोच पुन्हा ऐच्छिक म्हणून घेण्यात काय हशील? त्यापेक्षा कोणत्या विषयाला प्रकल्प आहे, हे आधी विचारून घ्यावे. मी ‘महाराष्ट्राचे राजकारण’ घेतले होते (गुण बेताचेच पडले, हेही सांगायला हवे). ७३व्या घटनादुरुस्तीनंतरच्या पंचायतींतील महिला आरक्षणावर प्रकल्प करताना एका ग्रामपंचायतीच्या सभांचे इतिवृत्त पहिल्यांदाच हाताळले, तेव्हा सही महिला सरपंचांची, पण ठरावाचे सूचक आणि अनुमोदक पानोपानी तेच दोघे पुरुष, हे दिसले. पुढे प्रबंधिकेचा (एम.ए.साठी लिहायच्या छोट्या प्रबंधाचा) विषयही त्यातूनच मिळाला.