तरुण कवीची हलाखी आधी, कविता मागून: हे पटतं का?

धागाकर्ता, परभणी
२०२४ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार तुळजापूरच्या देविदास सौदागर यांच्या 'उसवण' कादंबरीला मिळाला. माझ्या वाचनात आलेल्या बातम्या बहुतेक त्यांच्या शिवणकामाच्या. रेडिमेड कपड्यांनी शिंप्याचा धंदा कसा बसला, हे त्यांनी कसं लिहिलंय यावर चार ओळीही नाहीत. वीरा राठोड यांना २०१५ मध्ये 'सेन सायी वेस' या कवितासंग्रहासाठी हाच पुरस्कार मिळाला. मराठी संग्रहाला गोरबोलीतल्या, म्हणजे बंजारा बोलीतल्या, प्रार्थनेचं नाव, केवढी धीट निवड! आपण बोलतो फक्त बंजारा तांड्यावर.
आमच्याकडच्या कविसंमेलनांत तर परिचयातच कवीच्या गरिबीचं कीर्तन चालतं आणि त्याच्या वाट्याला एक कविता येते. हा कवीचा अपमान आहे.

शिक्षिका, अंबड
अजिबात पटलं नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी शिलाई मशीन आहे. लेखक शिंपी आहे एवढं ऐकून तिनं पुस्तक मागून नेलं. शैलीवर भाषण दिलं असतं तर नेलं असतं?

माजलगावकर
मॅडम बरोबर बोलायल्यात. दिवाळी झाली की आमच्या गावातून ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याला जातात, लेकरं कोपीवर, म्हणजे झोपडीत. त्यातला एखादा लिहायला लागला तर त्याचं जगणं बाजूला काढून काय वाचायचं? गरिबी काहून झाकायची?

धागाकर्ता, परभणी
झाका कोण म्हणतंय? पण कोयता आला म्हणून कविता चांगली होत नाही, आणि वाईट असेल तर तेही सांगावं लागतं. बिचारा म्हणून टाळ्या दिल्या की कुणी सांगत नाही. माझ्या मित्राला संयोजकांनी स्पष्ट बजावलं, 'प्रेमाचं नको, दुष्काळाचं म्हणा.' बावीस वर्षांचा पोरगा! पळसखेडच्या कवी महानोरांनी शेत आणि शृंगार दोन्ही लिहिलं. मग आजच्या पोरांवरच ही सक्ती का?

माजलगावकर
हे मात्र वाईट झालं. त्याला आमच्याकडं पाठवा, काय म्हणायचं ते म्हणू द्या.

शिक्षिका, अंबड
संयोजकांचं चुकलंच. तरी वर्गात मी आधी कवीचं गाव, घर, काम सांगणार. मुलांना आत यायला तेच दार आहे. आत आल्यावर कविता ओळ न् ओळ वाचून घेणं माझं काम, आणि ते मी करते.