ई-डायरीत ९ दिवस कोरे! तातडीने मदत हवी आहे

गडबडगुंडा: आमच्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदी तपासायला उद्या मॉनिटर येतोय. एका सहभागीच्या ई-डायरीत (किती दुखतंय ते रोज भरायचं फोनवरचं अ‍ॅप) १४ पैकी पहिले ९ दिवस कोरे दिसतायत. ते शपथेवर सांगतात, रोज भरली. वेदनेचे आकडेही आठवतात म्हणे. मी माझ्या लॉगिनने टाकले तर चालेल का? हेल्पडेस्कने नुसता तिकीट नंबर दिलाय. लवकर सांगा प्लीज.

जुनं_खोड: अजिबात टाकू नका! ऑडिट ट्रेलमध्ये (कोणी कधी काय भरलं याची आपोआप होणारी नोंद) तुमचं नाव आणि आजची वेळ उमटेल. शिवाय ९ दिवसांपूर्वी किती दुखत होतं हे कोणाला आठवतं? फोन कुणाचा, ट्रायलचा की त्यांचा स्वतःचा?

शाईप्रेमी: म्हणून म्हणतो, कागदी वही बरी. इतकी वर्षं वापरली, पान कोरं नाही राहिलं.

जुनं_खोड: राहील कसं? व्हिजिटच्या आधी बाहेर बाकावर बसून एकाच पेनाने सगळी पानं भरायची! २००२ च्या बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकातला प्रयोग वाचा. वहीत प्रकाश ओळखणारा सेन्सर लपवला होता. रुग्णांच्या लेखी ९० टक्के नोंदी वेळेवर, सेन्सरच्या हिशेबाने ११. ई-डायरीवाले ९४.

शाईप्रेमी: ४०-४० माणसांचा प्रयोग तो. आणि ई-डायरी वेळ खरी सांगते, आकडा खरा कशावरून?

चार्जर: फोनचा बॅटरी सेव्हर बंद करा. आमच्याकडे त्यापायी रिमाइंडरच वाजत नव्हते.

गडबडगुंडा: रिमाइंडर वाजतात हो! फोन त्यांचाच आहे. मध्ये नवा घेतला, पण त्याचं काय? नव्यावर अ‍ॅप मस्त चालतंय, ५ दिवस आलेत की.

जुनं_खोड: अहो, हे पहिल्या ओळीत नको का सांगायला? जुन्याचं नेट बंद होतं का? नेट नसलं तर नोंदी फोनमध्येच साठून राहतात. जुन्यावरचं अ‍ॅप काढू नका, रिसेट तर मुळीच नको. वायफायला जोडा, अ‍ॅप उघडा आणि सिंक होऊ द्या. फोनचं घड्याळ बरोबर आहे ना, तेही बघा.

गडबडगुंडा: नेट चालत नव्हतं म्हणूनच बदलला म्हणे. जुना मुलाकडे गेम खेळायला होता, अ‍ॅप नशिबाने शाबूत. ७ दिवस आले!! पण पोचल्याची तारीख आजची दिसतेय?

जुनं_खोड: दिसू दे. भरल्याची वेळ वेगळ्या रकान्यात असते, मॉनिटरला ती दाखवा. उरलेले २ कोरेच ठेवा. फोन कधी बदलला, का बदलला, सिंक कधी झालं, हे आजच्या तारखेने सोर्समध्ये, म्हणजे सहभागीच्या मूळ नोंदीत, लिहा. मागची तारीख घालू नका. डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीत झालेली चूक) धरायचं की नाही ते प्रोटोकॉलमध्ये, ट्रायलच्या लेखी आराखड्यात, बघा.

शाईप्रेमी: वहीत गेम खेळता येत नाही, एवढंच म्हणतो.

गडबडगुंडा: ते २ दिवस म्हणे ते लग्नाला गेले होते, फोन घरीच. आता सांगतायत!