मदत हवी आहे: एमएम ५४० ला डीआय इंजिन, अ‍ॅव्हरेज आठच्या वर जाईना

मामाची_जीप

नमस्कार मंडळी. गाडी १९९३ ची महिंद्रा एमएम ५४०, फोर बाय फोर. मामांची होती, गेल्या दिवाळीपासून माझ्याकडे. मूळचं २११२ सीसीचं प्यूजो डिझेल मामांनी केव्हाच काढलं आणि महिंद्राचं २५२३ सीसीचं एमडीआय (डायरेक्ट इंजेक्शनचं, म्हणजे डीआय इंजिन) बसवलं. आरसीवर नव्या इंजिनचा नंबर चढलेला आहे, त्यामुळे ती चौकशी नको. गिअरबॉक्स जुनाच, चार गिअरचा. अ‍ॅक्सलची हाऊसिंगही पुढची-मागची मूळचीच.

माझ्याकडे आल्यावर मी एकच बदल केला. २३५/७५ आर १५ चे टायर गुळगुळीत झाले होते, ते काढून ३१ बाय १०.५ आर १५ घातले. गाडी दिसते झकास, पण डिझेल पिते म्हशीगत. टाकी फुल्ल करून हिशेब केला: ३१० किलोमीटरला ३८ लिटर. म्हणजे आठ आणि वर चिल्लर.

वापर असा: रोज नाही, महिन्याला चारेकशे किलोमीटर. कोल्हापुरात फुलेवाडीतून बालिंगा, कळे, साळवण करत शेताकडे, कधी गगनबावडा. कधीतरी कागलकडे हायवे, पण काटा सत्तर-ऐंशीच्या पुढं नेत नाही. चढाला थोडा काळा धूर. गरम अजिबात होत नाही, करूळ घाट चढतानाही टेंपरेचरचा काटा पावाच्या वर सरकत नाही, तेवढं एक समाधान.

उद्यमनगरातला एक मिस्त्री म्हणतो पंप आणि नोझल काढून लॅबला द्या. दुसरा म्हणतो पाच गिअरचा बॉक्स बसवा. तिसरा म्हणाला, जीपला अ‍ॅव्हरेज विचारत नसतात. कुणाचं ऐकू?

घाटवाट

तिसऱ्याचं. 😀

लेथवाला

पंपाला हात लावू नका आत्ताच. आधी तुमचा हिशेबच तपासू, कारण तो चुकलाय.

जीपचा मीटर चाकावर नाही, ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) निघणाऱ्या केबलवर चालतो. चाक केवढं आहे हे त्याला कळत नाही. २३५/७५ आर १५ चा व्यास साधारण ७३४ मिलिमीटर, ३१ इंची टायरचा ७८७. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गाडी सात टक्के जास्त पुढे जाते आणि मीटर जुन्याच चाकाचं मोजतो. तुमचे ३१० म्हणजे खरे ३३२ च्या घरात. भागा ३८ नं. पावणेनऊ येतात. एक पैसा खर्च न करता अर्धा किलोमीटर वाढला.

खात्री करायची तर मोबाईलवर जीपीएस लावून फुलेवाडी ते गगनबावडा जाऊन या आणि दोन्ही आकडे शेजारी मांडा.

आता यातली खरी गोम. ओडोमीटर कमी दाखवतो तसा स्पीडचा काटाही कमीच दाखवतो. काटा ८० वर असतो तेव्हा तुम्ही ८६ ला असता. जीप म्हणजे चौकोनी डबा, वारा वेगाच्या वर्गानं अडवतो. ८० चे ८६ झाले की वाऱ्याचा अडथळा पंधरा टक्के वाढला. सावकाश चालवतोय असं तुम्हाला वाटतंय, गाडीला वाटत नाही.

मामाची_जीप

हे डोक्यातच आलं नव्हतं. मग परत बारीक टायर घालू काय?

लेथवाला

नको नको. उलट एका बाजूनं टायरनं तुमचं भलंच केलंय. हे जरा सविस्तर सांगतो.

जुनं प्यूजो इंजिन पळणारं होतं, त्याची पूर्ण ताकद ४५०० आरपीएमला. एमडीआय बैल आहे. खालून ओढतं, पण ३२०० ला त्याचं संपतं. मागचा क्राऊन-पिनियन (अ‍ॅक्सलमधली गिअरची जोडी) त्या पळणाऱ्या इंजिनसाठी होता आणि अजून तोच आहे. तुमचा रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फेरे घेतो, ते आधी मोजा. गाडी न्यूट्रलला, पुढच्या चाकांना दगड, मागचं एकच चाक जॅकवर. ते चाक बरोबर दोन फेरे फिरवा (दुसरं जमिनीवर अडकलेलं, म्हणून एकाऐवजी दोन) आणि प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलला जाणारा दांडा, किती फिरला ते खडूची खूण करून मोजा. जो आकडा येईल तोच रेशो.

मामाची_जीप

मोजला. पाचाला किंचित कमी. पुतण्या खडू धरून बसला होता, त्याच्या मते ४.९.

लेथवाला

मग ४.८८ धरा. चौथा गिअर डायरेक्ट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगानं. २३५ च्या टायरवर खऱ्या ८० ला इंजिन २८२० च्या आसपास फिरणार. ३१ इंचीवर तेच २६३० ला येतं. ३२०० ला दम टाकणाऱ्या इंजिनला २८०० वर तासभर ठेवलं तर ते पिणारच. खऱ्या ६० ला तुम्ही दोन हजाराच्या किंचित खाली असता, ती त्याची सुखाची जागा. म्हणजे काटा ५५-५६ वर.

डीआय बसवलं की अ‍ॅव्हरेज आपोआप वाढतं असं लोक म्हणतात ते अर्धंच खरं. डिझेल थेट सिलिंडरमध्ये जातं, जुन्या प्यूजोसारखं आधी वेगळ्या छोट्या चेंबरमध्ये जळून उष्णता वाया जात नाही, त्यामुळं इंजिन मुळात काटकसरी. पण काटकसरी माणसाला रोज पळवत कामाला नेलं तर त्यालाही भूक लागते.

सांगलीचा_जिप्सीवाला

आम्हा पेट्रोलवाल्यांना तर हा धागा वाचून रडू येतंय. मी एकदा जिप्सीत झेन डिझेलचं १५२७ सीसी इंजिन घालायचं ठरवलं होतं. हाच रेशोचा हिशेब बघून गप्प बसलो.

एक विचारू का? फ्री व्हील हब (पुढची चाकं एक्सलपासून सोडवणारे) आहेत काय पुढं? नसतील तर टू-व्हीलमध्येही पुढचे एक्सल, क्राऊन आणि शाफ्ट फुकट फिरत राहतात. आणि असतील तर लॉक करून विसरलात का ते बघा. चिखलातून आल्यावर मीच महिनाभर विसरलो होतो.

मामाची_जीप

आहेत, आणि फ्री वरच आहेत. आत्ता खाली वाकून बघून आलो.

रंकाळ्यावरचे_काका

सगळे आकडे मांडताय, पण त्या पोरानं पहिल्याच पोस्टमध्ये सांगितलं ते कुणी वाचलं नाही. "गरम अजिबात होत नाही, काटा पावाच्या वर जात नाही." अरे बाळा, हे समाधान नव्हे, हाच आजार आहे. करूळ घाट चढून इंजिन गरम होत नसेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारा वॉल, काढून टाकलेला असणार. एकदा कधी गाडी उकळली की आपले मिस्त्री पहिल्यांदा तोच काढून फेकतात. मग पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन कायम कोमट राहतं. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, ऑइल घट्ट राहतं, सिलिंडरचा लायनरही लवकर झिजतो. तुझं शेत काही फार लांब नाही, म्हणजे अर्धा प्रवास इंजिन तापण्यातच गेला.

वरच्या होजपाशी थर्मोस्टॅटचं हाऊसिंग उघड, दोन बोल्टचं काम. आत रिकामं दिसलं तर ८० अंशांच्या आसपास उघडणारा नवीन वॉल घाल. घालण्याआधी घरी पातेल्यात पाणी उकळून उघडतो का बघ. आणि रेडिएटर आतून साफ करून घे, नाहीतर गाडी उकळेल आणि मिस्त्री तो परत काढून टाकेल.

काळ्या धुरासाठी एअर क्लीनर बघ. जुना ऑइल बाथवालाच जोडून दिला असेल तर त्यातलं ऑइल शेवटचं कधी बदललं ते मामाला विचार.

लेथवाला

काका, हात जोडले. माझ्या नजरेतून निसटलं.

घाटवाट

अजून एक फुकटचं काम. दहा किलोमीटर जाऊन ब्रेक न दाबता गाडी आपोआप थांबू द्यायची आणि चारी ब्रेक ड्रमांजवळ हात न्यायचा. एकच गरम लागला तर तिथं ब्रेक धरतोय. हात टेकवू नका, चटका बसेल. मी टेकवलाय.

मामाची_जीप

तीन आठवड्यांनी आलो, माफ करा. ऊस तुटायला आला होता.

काकांचं शंभर टक्के बरोबर निघालं. हाऊसिंगमध्ये थर्मोस्टॅट नव्हताच. मामांना फोन केला तर म्हणाले, "ते कशाला लागतंय?" नवीन घातला, काटा आता निम्म्याच्या जरा खाली स्थिर राहतो. एअर क्लीनरच्या वाटीत ऑइल नव्हतं, डांबर होतं. चढावरचा धूर बराच कमी झालाय.

मागचा उजवा ड्रम बाकी तिघांपेक्षा चांगलाच तापत होता. हँडब्रेकची केबल अडकली होती, सोडवून ग्रीस केलं. टायरमधली हवाही कमीच ठेवली होती मी, शेतातल्या चिखलासाठी. ती वाढवली.

मग जीपीएसवर मोजलं: २१८ किलोमीटर, २२.४ लिटर. ९.७ पडले. हायवेला काटा ६० च्या वर नेला नाही, मागून ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून जीव खाल्ला.

आता पाच गिअरच्या बॉक्सचं काय? घ्यावा का?

लेथवाला

डिझेल वाचवायला घेत असाल तर नको. समजा ९.७ चे ११ झाले. महिन्याला चारशे किलोमीटरला ४१ ऐवजी ३६ लिटर, वाचले पाच लिटर. बॉक्स, माउंटिंग, दोन्ही शाफ्ट कमी-जास्त करायची मजुरी, ही वसुली नातवापर्यंत चालेल. हायवेला रोज जात असता तर वेगळं बोललो असतो. कानाला आराम म्हणून घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पाचव्या गिअरला आवाज खूप कमी होतो.

कुणी क्राऊन-पिनियन बदला म्हणालं तर लक्षात ठेवा, पुढचा आणि मागचा दोन्ही एकाच रेशोचे लागतात. फक्त मागचा बदलून फोर बाय फोर टाकलात तर गाडी स्वतःशीच भांडेल आणि ट्रान्सफर केस फुटेल.

मामाची_जीप

मग राहू दे बॉक्स. त्याच पैशात कडबाकुट्टी येईल.

एक शेवटचं: तो उजवा ड्रम केबल सोडवल्यावरही डाव्यापेक्षा किंचित कोमट लागतोय. रविवारी चाक काढून उघडतो. आत अ‍ॅक्सल हाऊसिंगचं ऑइल उतरलेलं दिसलं तर फोटो टाकतो, काका, तेवढं बघा.

रंकाळ्यावरचे_काका

टाक. ड्रम निघाला नाही तर हातोडा घालू नको, आधी ब्रेकचा ॲडजस्टर सैल कर.