मदत हवी आहे: कुत्री क्षणभरही पाठ सोडत नाही आणि 15 जूनला माझी शाळा सुरू होतेय

नमस्कार. आम्ही कोल्हापुरात, संभाजीनगर भागात राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई आणि चिंगी. चिंगी म्हणजे आमची गावठी कुत्री. 2021 च्या जुलैत महापुराचं पाणी चढायला लागलं तेव्हा प्रयाग चिखलीचे पाहुणे भांडीकुंडी, धान्याची पोती घेऊन टेम्पोने आमच्याकडे आले. त्या टेम्पोत एक पिल्लूही निघालं. पाणी ओसरलं, पाहुणे गेले, पिल्लू राहिलं. तेव्हापासून मी घरीच शिकवण्या घेत होते, त्यामुळे मी दिवसभर दिसत नाही असा प्रकार तिला माहीतच नाही.

स्वयंपाकघरात गेले की ही दारात. कपडे वाळत घालायला गच्चीवर निघाले की जिन्यात माझ्या टाचेला नाक लावून मागे. अंघोळीला गेले की दाराखालच्या फटीत नाक खुपसून बसते. आतून मला फक्त ते काळं ओलं नाक दिसतं आणि फुसफुस ऐकू येते. दुपारी झोपली तरी हनुवटी माझ्या पावलावर. पाऊल हललं की डोळे टक्क उघडे. इथपर्यंत तक्रार नाही, उलट कौतुकच आहे.

पंचाईत होते ती बाहेर पडताना. स्कूटीची किल्ली खिळ्यावरून काढली की हिला धाप लागते. सासूबाई घरात असतात, नवरा सेकंड शिफ्टला असला (शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे) तर तोही सकाळी घरीच असतो, तरी ही दाराशी बसून रडते. लाळेने तिथली फरशी ओली होते. भाकरी-दूध समोर तसंच पडून, मी आल्यावर खाणार. दाराची चौकट खालून कुरतडून झाली आहे. शेजारच्या काकूंनी आधी तोंडी सांगितलं, आता सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंय.

जूनपासून साडेदहा ते पाच शाळा. सासूबाई अधूनमधून गावी जातात, म्हणजे कधीतरी घर पूर्ण रिकामंही असणार. दीर म्हणतात, "दोन दिवस कोंडून ठेवा वहिनी, रडून रडून गप्प बसेल." सासूबाईंचं म्हणणं, मीच लाडावून ठेवलीय. खरंच असं असतं का? कोंडून ठेवलं तर शिकते का? पिंजरा आणावा का? आणि जूनपर्यंत हे जमण्यासारखं आहे का? ज्यांनी असं कुत्रं सांभाळलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद: कळंबा रोड

अजून एक पिल्लू आणा ताई. जोडीला जोडी मिळाली की तुमची आठवण पण काढणार नाही.

प्रतिसाद: रंकाळाकाठ

वरच्या सल्ल्याच्या नादाला लागू नका. चिंगीला कुत्र्याची सोबत नाही, तुम्ही हव्या आहात. सासूबाई घरात असून ती रडते, यातच उत्तर आलं. दुसरं आणलं तर रडणारी दोन होतील आणि काकू ग्रुपवर फोटोसकट टाकतील.

माझ्याकडे असंच एक ध्यान आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक फरक ध्यानात घ्या. मागे मागे फिरणं हा स्वभाव झाला. पण धाप, लाळ, अन्नाला तोंड न लावणं, दार कुरतडणं ही भीतीची लक्षणं आहेत. भ्यालेलं जनावर कोंडलं तर शिकत नाही. दोन दिवसांनी गप्प झालंच तर ते थकून गप्प होतं आणि पुढच्या वेळी किल्ली वाजली की आणखी लवकर घाबरतं. पिंजऱ्याचंही तेच. ज्याला लहानपणापासून सवय आहे त्याला तो आपलं घर वाटतो, पण चिंगीसारखीला ऐनवेळी आत घातलंत तर दात आणि नखं मोडून घेईल. लाडाबद्दल म्हणाल तर कुत्र्याला जवळ घेतल्याने भीती वाढत नाही. ते मनातून काढून टाका आणि खुशाल लाड करा.

आता काय करायचं. हॉलच्या कोपऱ्यात तिची स्वतःची एक गोधडी घाला, तुमचा वास असलेली जुनी असेल तर उत्तम. ती आपणहून तिथे टेकली की काही न बोलता समोर एखादा खाऊचा तुकडा टाका. हाक मारून बसवू नका, तिचं तिला कळू दे की इथे बसलं की चांगलं काहीतरी होतं. ती तिथे निवांत पडायला लागली की तुम्ही एक पाऊल लांब, मग खुर्चीपर्यंत, मग स्वयंपाकघरात जाऊन लगेच परत. ती उठून मागे आली तर रागावू नका, तुम्ही जास्त लांब गेलात एवढाच त्याचा अर्थ. न्हाणीघराचं दारही असंच: आधी उघडं, मग अर्धं, मग क्षणभर बंद.

किल्लीचं वेगळं. दिवसातून केव्हाही किल्ली उचला आणि परत खिळ्याला लावा. साडी नेसून, पर्स खांद्याला लावून भाजी निवडत बसा. चपला घाला आणि टीव्ही बघा. घरच्यांना वाटेल डोक्यावर परिणाम झालाय, वाटू दे. किल्ली म्हणजे ताई गेल्या, हे समीकरण मोडायचं आहे. किल्ली वाजूनही ती जागची हलली नाही की मग दाराबाहेर पडायचा सराव. पाच सेकंद बाहेर, परत आत. मग बारा, मग आठ, मग वीस, मग पुन्हा तीन. दर वेळी वाढवत गेलात तर तिला तेही कळतं. ती कण्हायच्या आत परत यायचं, हे महत्त्वाचं. घरातला जुना मोबाइल कपाटावर ठेवून व्हिडिओ कॉल चालू ठेवा, म्हणजे जिन्यात उभं राहून सगळं दिसेल. बहुतेक कुत्र्यांची खरी घालमेल पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात असते. तेवढा टप्पा शांत गेला की पुढचे तास भराभर वाढवता येतात.

यातलं अवघड काम सांगतो. सराव चालू असेपर्यंत तिला झेपेल त्यापेक्षा जास्त वेळ सोडून जायचं नाही. आठवडाभर सेकंद-सेकंद कमवायचे आणि रविवारी लग्नाला म्हणून चार तास गायब व्हायचं, की सगळं मुसळ केरात. मे महिन्यातल्या लग्नांची यादी आत्ताच करा आणि चिंगीजवळ कोण थांबणार ते ठरवा. वळवाचे ढग भरून आले असतील किंवा गल्लीत वरातीचा डॉल्बी असेल त्या दिवशी सराव बंद. गडगडाटाची भीती आणि एकटेपणाची भीती एकत्र झाली तर निस्तरणं कठीण.

प्रतिसाद: उचगावकर

सगळं बरोबर, पण पहिल्यांदा डॉक्टरांना दाखवा. आमचा म्हातारा असाच अचानक चिकटू लागला होता, तपासलं तर ऐकू येणं कमी झालेलं. चिंगीचं जुनं आहे म्हणता, तरी रक्त तपासून घ्या. आपल्याकडे गोचीड ताप काही नवीन नाही, आणि अंगात दुखणं असलेलं जनावर माणसाला जास्तच चिकटतं.

दुसरं म्हणजे औषध. लाळेने फरशी ओली होते म्हणजे प्रकरण हलकं नाही. फ्लुओक्सेटिन, क्लोमिप्रामिन ही औषधं पशुवैद्य यासाठी देतात. त्यांचा गुण दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून जूनमध्ये विचारून उपयोग नाही, आत्ताच विचारा. औषध सरावाच्या जोडीला असतं, सरावाऐवजी नाही. आणि माणसांच्या गोळ्यांतली अर्धी मोडून देऊ नका, आमच्याकडे असले उद्योग करणारे आहेत म्हणून सांगतोय.

खाऊ म्हणून रविवारच्या रश्श्यातली हाडं अजिबात नको. शिजलेलं हाड टोकदार तुटून आतड्यात रुततं आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. मिठाशिवाय शिजवलेलं चिकन बारीक करून द्या. पोकळ रबरी खेळण्यात दही-भात भरून फ्रीझरमध्ये गोठवला तर चाटण्यात बराच वेळ जातो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारी डॉक्टरांकडे जातोय. गोधडी घातली आहे. कालपासून किल्ली घेऊन घरात फिरतेय, सासूबाई बघतात आणि मान हलवतात. एक शंका राहिली: त्या चिंगीला हात लावत नाहीत, देवपूजेचं सोवळं असतं. मग घरातल्या दुसऱ्या माणसाची सवय कशी लावायची?

प्रतिसाद: रंकाळाकाठ

हात लावायची गरजच नाही. ताटली लांबून सरकवली तरी चालतं. उद्यापासून भाकरी त्यांनी द्यायची आणि त्या वेळी तुम्ही आतल्या खोलीत. पहिले काही दिवस चिंगी ताटलीकडे बघून तुमच्या दाराशी येईल, येऊ दे, तुम्ही बाहेर येऊन भरवायला बसू नका. ताटली थोड्या वेळाने उचलायची आणि पुढच्या वेळेला पुन्हा ठेवायची. डॉक्टरांनी तब्येत ठीक आहे म्हटल्यावरच हे करा.

सकाळचं फिरणं नवऱ्याकडे द्या. शिवाजी विद्यापीठाच्या बाजूला पहाटे गर्दी नसते. पट्टा सैल सोडून तिला हवं तिथे हुंगू दे, अंतर किती झालं ते मोजू नका. नाक भरपूर चाललेलं कुत्रं घरी येऊन आपसूक आडवं होतं. आणि काकूंना स्वतः जाऊन सांगा की उपाय सुरू केलाय, जूनपर्यंत सांभाळून घ्या. ग्रुपवर उत्तर देत बसू नका.

धागाकर्ती

काकूंकडे जाऊन आले. त्यांनीच सुचवलं की सासूबाई गावी असतील तेव्हा दुपारी त्या येऊन बसतील, त्यांची मालिका आमच्या टीव्हीवर बघतील. सोमवारी डॉक्टर काय म्हणतात ते इथेच लिहिते.