'होस्ट'ला मराठीत काय म्हणायचं?

रंकाळाकाठ
एचआयव्हीवरच्या माहितीपत्रकाचं मराठी करतोय. विषाणू तोच असला तरी आजार किती वेगानं पुढं सरकेल हे काही अंशी 'होस्ट'च्या, म्हणजे विषाणू ज्याच्या शरीरात राहतो त्याच्या, जनुकांवर ठरतं, असा मजकूर आहे. कोशात 'यजमान' मिळाला, तो घातला. आईनं वाचून विचारलं, "कुणाचे यजमान?" शिवाय 'प्रोग्रेशन'ला 'प्रगती' लिहायला हात धजेना.

उत्तरेश्वर
आईंचं बरोबर आहे. आमच्या पेठेत यजमान म्हणजे नवरा, विषय संपला. 'पोशिंदा' करा.

मीमांसक
यज् धातूपासून यजमान, स्वतःसाठी यज्ञ करवणारा. सत्यनारायणाला गुरुजी तुम्हाला काय म्हणून हाक मारतात? जीवशास्त्राच्या पुस्तकांत रुळलेला शब्द असा टाकून देऊ नये.

तिकटी
यज्ञ करणारा स्वतःहून बसतो. इथं विषाणूला आवतण कुणी दिलं होतं? पोशिंदाही नको, तो शेतकऱ्याचा शब्द. सरळ 'लागण झालेली व्यक्ती' लिहा.

मीमांसक
मग झाडावरच्या बांडगुळाच्या बाबतीत 'लागण झालेली व्यक्ती' म्हणणार का?

लॅबवाला
यजमानांना जरा बसू दे. मजकुरात 'आनुवंशिक' आलंय का ते आधी बघा. आमच्या तपासणीच्या खिडकीवर एक जण असलंच पत्रक घेऊन आला, "म्हणजे हे आमच्या घराण्यातनं आलं?" आईकडनं बाळाला लागण होऊ शकते, पण तिथंही जातो तो विषाणूच. 'जनुकीय' लिहा आणि उदाहरण द्या. विषाणूला पेशीत शिरायला पेशीवरच्या सीडी-४ या प्रथिनाबरोबर बहुतेक वेळा सीसीआर-५ नावाचं दार लागतं. काहींच्या त्या जनुकात डीएनएची ३२ अक्षरं गळालेली असतात. आई-वडील दोघांकडनं तसलंच जनुक आलं तर नेहमीच्या प्रकारच्या विषाणूला ते दार मिळतच नाही. एकाकडनं आलं तर लागण होते, पण आजार सहसा सावकाश बळावतो. उत्तर युरोपात दुहेरीवाले शंभरात साधारण एक, आपल्याकडं फारच दुर्मीळ.

रंकाळाकाठ
'बळावतो' घेतला! पत्रकात एचएलए-बी५७ नावाचा जनुकाचा प्रकार पण आहे.

लॅबवाला
पेशीतल्या विषाणूचे तुकडे पृष्ठभागावर मांडून प्रतिकारशक्तीच्या मारेकरी पेशींना दाखवणं हे एचएलए प्रथिनांचं काम. बी५७ असे तुकडे दाखवतं, की जे बदलायला गेलं तर विषाणू स्वतःच दुबळा होतो. बी२७ वालेही बरेच दिवस तग धरतात. बी३५ च्या काही प्रकारांत मात्र आजार लवकर बळावतो. आणि जनुकं कशीही असली तरी एचआयव्हीच्या गोळ्या घ्यायच्याच, ही ओळ ठळक छापा. नाहीतर "माझी जनुकं दणकट" म्हणून लोक अंगावर काढतील.

तिकटी
मीमांसक, एक कोडं. एचआयव्ही असलेल्या बर्लिनच्या टिमोथी ब्राऊनला २००७ मध्ये ल्युकेमियासाठी (रक्ताच्या कर्करोगासाठी) सीसीआर-५ च्या तसल्या दुहेरी जनुकाच्या दात्याच्या, रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी दिल्या. पुढं विषाणू गेला. रक्त दात्याच्या जनुकांचं, देह ब्राऊनचा. मग यजमान कोण?

मीमांसक
देह ज्याचा, तो. दाता हा पुरोहित.

उत्तरेश्वर
पुरोहित देतो कधी? घेतो की!

शिरोळकर
पहिल्यापासून वाचतोय. आमच्याकडं बायका नवऱ्याला 'मालक' म्हणतात, 'यजमान' फक्त लग्नपत्रिकेत. पेठेतलं बोलणं म्हणजे अख्खा जिल्हा न्हवं.

उत्तरेश्वर
'मालक' पेठेत पण म्हणतात, पण ते दुसऱ्यांसमोर. एकदा ऐकून बघा.